लोहखनिज तापवले, नाव हेमटाइटच, मग बदलले काय?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईत भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने सिंधुदुर्गातल्या रेडीकडचा पिवळट-तपकिरी लोहखनिजाचा नमुना मफल भट्टीत (प्रयोगशाळेतली बंद भट्टी) टप्प्याटप्प्याने तापवला. १०५ अंश सेल्सिअसला वाळवून वजन घेतले. ४०० अंशांवर ७.८ टक्के घट आली, ६५० पर्यंत एकूण ९.१ आणि १,००० पर्यंत ९.३ टक्के. पिवळट रंग आधी विटकरी लाल झाला, मग गडद, आणि शेवटी जांभळट करडा. ४०० पासून पुढच्या प्रत्येक नमुन्यात एक्सआरडीने (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याची चाचणी) लोहाचे खनिज म्हणून हेमटाइटच (लोहाचा लाल ऑक्साइड) दाखवले. पण तीन गोष्टी तिला खटकल्या. ४०० अंशांच्या नमुन्यात आलेखातली हेमटाइटची काही शिखरे धारदार तर काही पसरट आली. तोच नमुना चुंबकाला चिकटतो, कच्चा नमुना चिकटत नव्हता आणि ९०० अंशांचाही चिकटत नाही. शिवाय तराजूवर ठेवल्यावर त्याचे वजन हळूहळू वाढत राहते. ‘खनिज एकच असेल तर हे सगळे कशामुळे?’ असे तिने विचारले आहे.

निरीक्षणे उत्तम आहेत. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यातली एकही उपकरणाची चूक समजून सोडून देऊ नका. रिपोर्टात ‘हेमटाइट’ एवढा शब्द छापून आला की बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ४०० अंशांवर तयार झालेले हेमटाइट आणि १,००० अंशांवर मुरलेले हेमटाइट यांचे सूत्र जवळपास सारखेच असते. पण कणांचा आकार, छिद्रे, स्फटिकातली शिस्त आणि वायूशी क्रिया होण्याचा वेग पाहिला तर ती दोन वेगळी द्रव्ये आहेत. कोणत्या खनिजापासून, कोणत्या हवेत आणि किती वेळात ते बनले, हे त्याच्या रचनेत शिल्लक राहते. म्हणून नुसते तापमान सांगून भागत नाही.

सुरुवात गोएथाइटपासून करू, कारण तुमच्या नमुन्यात मुख्य खनिज तेच दिसते. कोकण-गोव्याच्या जांभ्याखालच्या लोहखनिजात ते भरपूर असते आणि पिवळा-तपकिरी रंग त्याचाच. गोएथाइट म्हणजे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) धरून ठेवणारा लोहाचा ऑक्साइड. साधारण २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान हे हायड्रॉक्सिल पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि मागे हेमटाइट उरते. शुद्ध गोएथाइट असेल तर या क्रियेत वजनाची घट १०.१ टक्के. बारीक, सदोष स्फटिक खालच्या टोकाला फुटतात. मोठे स्फटिक, किंवा लोहाच्या जागी ॲल्युमिनियम शिरलेले गोएथाइट जास्त तापमान मागते. आपल्याकडच्या जांभा-पट्ट्यातल्या गोएथाइटमध्ये ॲल्युमिनियम असतेच. तेव्हा पाठ्यपुस्तकातला एकच आकडा घेऊन ‘क्रिया ३०० अंशांवर होते’ असे प्रबंधात लिहू नका.

आता रचनेकडे या. गोएथाइट आणि हेमटाइट या दोघांतही ऑक्सिजनचे थर जवळजवळ एकाच पद्धतीने रचलेले असतात. त्यामुळे पाणी निघताना स्फटिक कोसळत नाही. ऑक्सिजनचा सांगाडा बराचसा जागेवर राहतो आणि लोहाचे अणू त्यात नव्या जागा शोधतात. भाडेकरू गेले, भिंती हलल्या, तरी चाळीचा सांगाडा उभाच असावा तसे. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर गोएथाइटचा सुईसारखा कण ४०० अंशांनंतरही सुईसारखाच दिसतो, आतून मात्र तो हेमटाइट झालेला असतो.

बाहेरचा आकार तसाच राहिला, पण आतला ऐवज कमी झाला. घनता धरून हिशेब करा. दोन मोल (मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या) गोएथाइट सुमारे ४१.६ घन सेंटिमीटर जागा घेते. त्यातून बनणारे एक मोल हेमटाइट सुमारे ३०.४ घन सेंटिमीटर. म्हणजे घन पदार्थाची जागा जवळपास २७ टक्क्यांनी घटली. कण आक्रसला नाही तर ही जागा जाणार कुठे? ती कणाच्या आत पोकळी होऊन बसते. सुरुवातीला ही छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची, अरुंद चिरांसारखी, एकमेकांना समांतर असतात. साध्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसत नाहीत, ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. आयआयटी मुंबईच्या सैफ या विश्लेषण-उपकरणांच्या केंद्रात वेळ मिळाला तर ४०० अंशांचा एक नमुना जरूर दाखवून आणा. चिरांच्या त्या ओळी एकदा डोळ्यांनी पाहिल्या की बाकीचे सगळे आपोआप जुळते.

तुमच्या तिसऱ्या कोड्याचे उत्तर या चिरांतच आहे. चिरा तयार झाल्या की पावडरचे पृष्ठफळ कित्येक पटींनी वाढते, आणि एवढे मोठे पृष्ठफळ मुंबईच्या दमट हवेत उघडे पडले की ते ओलावा ओढून घेते. जून ते सप्टेंबरमध्ये तर मूस तराजूवर ठेवल्या क्षणापासून शेवटचा अंक वर सरकताना दिसतो. कच्च्या नमुन्यात हा प्रकार कमी असतो आणि १,००० अंशांच्या नमुन्यात जवळजवळ नसतो, कारण तोवर छिद्रे बुजलेली असतात. त्रास मधल्याच नमुन्यांचा. उपाय साधा: झाकण लावून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारे बंद भांडे) थंड करा, सिलिका जेल ताजे भाजून घेतलेले ठेवा, एका वेळी एकच मूस बाहेर काढा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातला आकडा लिहा. चार मुशी रांगेने टेबलावर मांडून निवांत वजने घेतलीत तर चौथीत ओलावा भरलेला असेल, आणि तुम्ही मात्र ती ‘अपूर्ण क्रिया’ समजाल.

शिखरांकडे वळू. एक्सआरडी यंत्रातल्या तांब्याच्या क्ष-किरण ट्यूबवर हेमटाइटची ३५.६, ४०.९ आणि ६४ अंशांजवळची (हे अंश तापमानाचे नव्हेत, आलेखावरच्या कोनाचे) शिखरे तुमच्या आलेखात धारदार असतील, आणि २४.१, ३३.२, ४९.५ जवळची पसरट. पहिल्या गटाची शिखरे मुख्यतः जुन्या, नीट टिकलेल्या रचनेशी जोडलेली आहेत. दुसऱ्या गटाला लोहाचे अणू आपापल्या जागी शिस्तीत बसलेले असावे लागतात, आणि ती शिस्त ४०० अंशांवर अजून आलेली नसते. छिद्रांच्या चिरांमुळे स्फटिक एका दिशेने पातळ पापुद्र्यांत विभागला जातो, त्याचाही हातभार लागतो. या दोन कारणांचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते नैसर्गिक खनिजात दोन्ही एकत्रच काम करतात आणि त्यांना वेगळे काढायचा हट्ट एम.एस्सी.च्या कामात धरू नये. या अवस्थेला प्रोटोहेमटाइट म्हणण्याची पद्धत आहे. यात थोडे हायड्रॉक्सिल अजून अडकलेले असते. तापमान वाढेल तसे ते निघून जाते, बारीक चिरा मिळून गोल, मोठी छिद्रे होतात, आणि ८०० अंशांच्या पुढे सगळी शिखरे सारखी धारदार होतात.

त्यातून एक सवय लावून घ्या: शिखराची जागा लिहाल तेव्हा रुंदीही लिहा. एकाच सरासरी रुंदीवरून ‘स्फटिकाचा आकार अमुक नॅनोमीटर’ असा आकडा मात्र देऊ नका, कारण दोन गटांच्या रुंदीतून दोन वेगळे आकार निघतील. आणखी एक. लोहाच्या नमुन्यावर तांब्याची ट्यूब वापरली की लोह स्वतःच क्ष-किरण सोडते आणि आलेखाचा तळ उचलला जातो. छोटी शिखरे त्यात बुडतात. कोबाल्टची ट्यूब किंवा मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण निवडणारा भाग) असलेले यंत्र मिळाले तर आवर्जून तेच घ्या.

चुंबकाचे कोडे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. शुद्ध गोएथाइट मोकळ्या हवेत तापवले तर थेट हेमटाइट होते, आणि हेमटाइट हातातल्या चुंबकाला दाद देत नाही. मग चिकटणारे काय आहे? जांभा-पट्ट्यातल्या खनिजात मुळांचे तंतू, ह्यूमस असे सेंद्रिय द्रव्य थोडेफार असतेच. तुम्ही मुशीत पावडरचा ढीग भरला आणि वर झाकण ठेवले असेल, तर ३०० ते ४०० अंशांवर ते सेंद्रिय द्रव्य जळताना ढिगाच्या आतला ऑक्सिजन संपवते. तिथे लोहाचे काही अंशी क्षपण होते (त्यातला ऑक्सिजन काढला जातो) आणि मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचा काळा, चुंबकीय ऑक्साइड, तयार होते. थंड होताना किंवा हवा परत आत आल्यावर त्याचे मॅग्हेमाइट होते. मॅग्हेमाइटचे सूत्र हेमटाइटचेच, पण रचना मॅग्नेटाइटसारखी घनाकृती, आणि ते जोरदार चुंबकीय. वणवा लागून गेलेल्या लाल मातीत मॅग्हेमाइट सापडते, ते याच मार्गाने. दुसरी शक्यता लेपिडोक्रोसाइटची. तेही गोएथाइटच्याच सूत्राचे, पण तापवल्यावर आधी मॅग्हेमाइट होते, मग हेमटाइट. तिसरी शक्यता सिडेराइटची, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटची. हवा कमी असेल तर तेही मॅग्नेटाइटकडे जाते.

यातले काहीही असले तरी ९०० अंशांवर, मोकळ्या हवेत, ते हेमटाइट होऊन जाते. म्हणून चुंबक सोडतो. आणि एक्सआरडीत ते दिसले नाही, कारण एखाद-दोन टक्के मॅग्हेमाइट हाताला जाणवते, पण आलेखात त्याचे मुख्य शिखर हेमटाइटच्या ३५.६ अंशांच्या शिखराखाली लपते. ३०.१ अंशांजवळ बघा, तिथे हेमटाइटचे काही नसते. आधी चिकटणारा भाग चुंबकाने वेगळा काढा आणि फक्त त्याचाच आलेख घ्या, म्हणजे ते छोटे शिखर वर येईल. कारण पक्के करायचे तर तोच कच्चा नमुना तीन भागांत तापवा: एक उथळ बशीत पातळ पसरून, झाकण न लावता, दुसरा ढीग करून, झाकण लावून. तिसरा भाग आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय द्रव्य काढून मग ढीग करूनच तापवा. फक्त दुसराच चिकटला तर दोषी सेंद्रिय द्रव्य.

हवेचा हा परिणाम किती मोठा असतो ते पाहायला मुंबईबाहेर जायला नको. धारावीच्या कुंभारवाड्यात भाजून निघणारी मडकी लाल होतात ती मातीतल्या लोहाचे मोकळ्या ज्वाळेत हेमटाइट झाल्यामुळे. तीच माती धूर कोंडून भाजली तर काळी पडते: लोह मॅग्नेटाइटकडे जाते आणि काजळीही आत बसते. तापमान सारखेच, वायू वेगळा. खनिज उद्योगात हीच गोष्ट मुद्दाम करतात. हलक्या प्रतीचे हेमटाइट ५०० ते ७०० अंशांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजनमध्ये भाजून मॅग्नेटाइट करायचे, मग चुंबकाने वाळू वेगळी काढायची. इथे हात आखडता ठेवावा लागतो. सुमारे ५७० अंशांच्या वर क्षपण जास्त झाले तर वुस्टाइट (आणखी कमी ऑक्सिजनचा लोहाचा ऑक्साइड) तयार होते, आणि ते चुंबकाने उचलले जात नाही.

आता वजनघटीचा हिशेब. ४०० अंशांची ७.८ टक्के घट सगळी गोएथाइटची मानली तर ७.८ भागिले ०.१०१, म्हणजे गोएथाइट सुमारे ७७ टक्के. पण जांभ्याच्या सोबतीला गिब्साइट (ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड) असते, आणि तेही २५० ते ३०० अंशांच्या आसपासच पाणी सोडते, तेही स्वतःच्या वजनाच्या ३४.६ टक्के! नमुन्यात गिब्साइट ५ टक्के असले तरी १.७ टक्के घट त्याची एकट्याची. मग गोएथाइटला ६.१ टक्के उरतात, आणि उत्तर ७७ वरून ६० वर येते. एवढा फरक एका दुर्लक्षित खनिजाने पडतो. म्हणून कच्च्या नमुन्याच्या आलेखात १८.३ अंशांजवळ गिब्साइटचे शिखर आहे का, ते आधी तपासा आणि रासायनिक विश्लेषणातल्या ॲल्युमिनाशी ताळा घ्या.

४०० ते ६५० मधली १.३ टक्के घट मुख्यतः केओलिनाइटची दिसते. ही चिकणमाती १४ टक्क्यांच्या आसपास पाणी सोडते, म्हणजे ती फार तर ९ टक्के. फार तर म्हणतो, कारण प्रोटोहेमटाइटमधले उरलेले हायड्रॉक्सिलही याच टप्प्यात जाते. ६५० नंतरची ०.२ टक्के किरकोळ आहे. नमुन्यात मॅग्नेटाइट असते तर चित्र उलटे झाले असते: हवेत तापवताना मॅग्नेटाइट ऑक्सिजन घेते आणि त्याचे वजन ३.४५ टक्क्यांनी वाढते. २० टक्के मॅग्नेटाइट असलेल्या खनिजात त्यामुळे सुमारे ०.७ टक्के खरी घट झाकली जाते. मिश्र खनिजाचा घटीचा आकडा फेरस लोहाच्या (मॅग्नेटाइटमध्ये असते ते, अजून ऑक्सिजन घेऊ शकणारे लोह) आकड्याशिवाय वाचू नये.

मॅग्नेटाइटचा प्रवास वेगळाच असतो. ते आधी मॅग्हेमाइट होऊन मग हेमटाइट होते, किंवा कण मोठा असेल तर थेट हेमटाइटच्या पात्या त्यात शिरतात. पॉलिश केलेला नमुना परावर्तित प्रकाशात पाहा: करड्या-तपकिरी मॅग्नेटाइटमध्ये पांढरट हेमटाइटच्या रेघा ठरावीक कोनांत एकमेकींना छेदत जातात, कारण त्या मॅग्नेटाइटच्या अष्टफलक पातळ्यांवरच वाढतात. ही क्रिया उष्णता सोडते. स्वीडनमधल्या किरुनाच्या मॅग्नेटाइटपासून पेलेट (खनिजाच्या भुकटीचे गोळे) भाजताना निम्म्याहून जास्त उष्णता खनिजच देते. आपल्याकडचे बहुतेक पेलेट हेमटाइटचे, त्यांना ती सगळी बाहेरून पुरवावी लागते, म्हणून मिश्रणात कोक ब्रीझ (कोकचा चुरा) घालतात. मॅग्नेटाइटचे पेलेट घाईने तापवले तर बाहेर हेमटाइटचे कवच आणि आत मॅग्नेटाइटचा गाभा राहतो, आणि दोघांच्या मधोमध गोल चीर जाते.

वरच्या तापमानात, म्हणजे १,००० च्या पुढे, विषय छिद्रे बुजण्याचा आणि कण एकमेकांना जोडले जाण्याचा होतो. तुमचा जांभळट करडा रंग म्हणजे हेमटाइटचे कण मोठे झाल्याची खूण. पेलेट १,२५० ते १,३५० अंशांवर भाजतात ते हे जोड पक्के व्हावेत म्हणून. सिंटरमध्ये (भाजून एकत्र जोडलेला खनिजाचा भुगा) चुना असल्यामुळे १,२०० च्या सुमारास कॅल्शियम फेराइट आणि त्यातून सिलिका-ॲल्युमिना सामावणारी संयुगे बनतात, ती सिंटरला बळ देतात. जास्त तापले की तीच फुटून द्रव आणि दुय्यम हेमटाइट तयार होते. थेट हवेत हेमटाइटचे मॅग्नेटाइट व्हायला मात्र १,४०० च्या जवळ जावे लागते. तुमच्या मफल भट्टीत तो प्रश्न येणार नाही.

ब्लास्ट फर्नेसवाल्यांना (खनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीवाल्यांना) यातले सगळ्यांत जास्त काय छळते, तर ४५० ते ६०० अंशांचा पट्टा. तिथे क्षपण होऊन हेमटाइटचे मॅग्नेटाइट होताना ऑक्सिजनची रचना षट्कोनीतून घनाकृती होते. कागदावर घन पदार्थाचे आकारमान थोडे घटते, प्रत्यक्षात मात्र कण छिद्रे आणि तडे घेऊन फुगतो आणि तुकडे पडतात. बारीक भुगा झाला की भट्टीतून वायू नीट वर चढत नाही. लम्प, म्हणजे खड्यांच्या रूपातल्या, खनिजाचे दुखणे आणखी आधी सुरू होते: गोएथाइट जास्त असेल तर आत कोंडलेल्या वाफेने खडा तडतडून फुटतो. गडचिरोलीत सुरजागडच्या परिसरात हेमटाइट आणि क्वार्ट्झचे एकाआड एक पट्टे असलेला खडक आहे. अशा पट्ट्यांत ५७३ अंशांवर क्वार्ट्झची रचना पालटते, ते अचानक फुगते, आणि तडे पट्ट्यांच्या सांध्याने जातात. रासायनिक विश्लेषणात दोन खनिजे सारखी असून भट्टीत वेगळी वागली, तर पहिली शंका या गोष्टींवर घ्या.

पुढच्या फेरीत ४०० च्या आधी एक टप्पा ३०० चा आणि ४०० व ६५० च्या मध्ये एक ५०० चा घ्या, ३०० वर गोएथाइट किती उरले ते २१.२ अंशांच्या शिखरावरून कळेल. प्रत्येक नोंदीत तापमानासोबत वेळ, तापवण्याचा वेग, थराची जाडी, झाकण होते की नाही आणि दाण्याचा आकार लिहा. प्रत्येक टप्प्याचा थोडा नमुना सीलबंद राखून ठेवा आणि १,००० अंशांचा कण राळेत बसवून पॉलिश करून घ्या. त्यात गोएथाइटच्या जुन्या सुयांची बाह्यरेषा अजून दिसते का, ते बघा. दिसली तर तुमच्या प्रबंधातला रचनेवरचा भाग त्या एका छायाचित्रावर उभा राहू शकतो.